वादळ दिसतं, बंगला दिसत नाही: जंगलबदलाचा नकाशा किहीमला नेऊन वाचताना

जंगलातल्या बदलावर संशोधन करायचं ठरवलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांची सुरुवात हल्ली एकाच नकाशापासून होते. मेरीलँड विद्यापीठातले मॅथ्यू हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर त्या नकाशाचा स्क्रीनशॉट, दुसऱ्या पानावर ‘हाय परफॉर्मन्स कंप्युटिंगच्या साहाय्याने’ हे शब्द आणि तिसऱ्या पानावर २०५० सालचं भाकीत, असा साचाच पडून गेलाय.

या लेखात त्या नकाशाची आणि त्याच्या पुढची पायरी असलेल्या भाकीत करणाऱ्या मॉडेलांची परीक्षा घ्यायची आहे. त्यासाठी जागा निवडली आहे अलिबागच्या उत्तरेचं किहीम. कारण सोपं आहे: हा भाग मला चालून माहीत आहे. आणि इथे एका किलोमीटरच्या आत सुरूचं बन, नारळ-पोफळीच्या वाड्या, भातखाचरं आणि बंगले सगळं एकाला एक लागून आहे. मागे कनकेश्वराच्या डोंगरावरची झाडी. ॲमेझॉनमध्ये जो नकाशा सहज पास होतो, त्याला इथे घाम फुटतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नकाशा वाईट नाही, उलट फार चांगला आहे. पण किहीमसारख्या ठिकाणी तो दोन उलट दिशांना फसतो. जे काही वर्षांत भरून येणार आहे ते त्याला नुकसान वाटतं, आणि जे कायमचं गेलंय ते त्याला दिसत नाही. मोठा संगणक लावून ही अडचण सुटत नाही, कारण ती गणितात नाहीच. गणित सुरू व्हायच्या आधी ठरलेल्या व्याख्येत आहे.

आधी कौतुक

नकाशाने काय केलं ते नीट समजून घेऊ. लँडसॅट ७ या उपग्रहाच्या ६,५४,१७८ प्रतिमा घेतल्या. पृथ्वीवरची जमीन ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशा चौकोनांत, म्हणजे पिक्सेलांत, वाटली. प्रत्येक पिक्सेलसाठी विचारलं: २००० साली इथे वृक्षाच्छादन किती होतं? २०१२ पर्यंत ते गेलं का? गेलं तर कुठल्या वर्षी? उत्तर आलं की १२ वर्षांत जगात २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षाच्छादन गेलं आणि ८ लाख चौरस किलोमीटर नव्याने आलं.

हे सगळं गूगल अर्थ इंजिनवर झालं. एकट्या संगणकाला १५ वर्षं लागली असती ते काम काही दिवसांत उरकलं. हे कसं जमलं? या प्रकारच्या गणितात एका पिक्सेलला शेजारच्या पिक्सेलचं उत्तर लागत नाही. किहीमच्या पिक्सेलला मांडव्याच्या पिक्सेलची वाट बघायची गरज नाही. त्यामुळे काम हजारो संगणकांना वाटून देता येतं. लग्नाच्या स्वयंपाकात पन्नास बायकांनी पन्नास पाटांवर पोळ्या लाटाव्यात तसं. समांतर गणनेतला हा सगळ्यात सोपा प्रकार. सोपा म्हणून कमी दर्जाचा नाही, फक्त त्यात नेमकी अडचण कुठे होती ते ओळखा. इतक्या प्रतिमा एका जागी आणणं, ढग काढणं, सगळ्यांचा रंग-प्रकाश एका मापात बसवणं, हे खरं कष्टाचं काम होतं.

आणखी एक मोठी गोष्ट: डेटा सगळ्यांना फुकट खुला ठेवला. अलिबागच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला आणि मेरीलँडच्या प्राध्यापकाला एकच फाइल मिळते. याचं महत्त्व कमी लेखू नका.

झाड म्हणजे काय?

आता व्याख्येकडे येऊ. शोधनिबंधाच्या शीर्षकात शब्द आहे ‘वनाच्छादन’. आत मोजलंय ‘वृक्षाच्छादन’. आणि वृक्ष म्हणजे ५ मीटरपेक्षा उंच असलेली कुठलीही वनस्पती.

ही व्याख्या घेऊन किहीमला या. पोफळ ५ मीटरपेक्षा उंच. नारळ उंच. कलमी नसलेला जुना आंबा उंच. किनाऱ्यावर लावलेला सुरू उंच, जो मुळात इथला नाहीच. कनकेश्वराच्या डोंगरावरची झाडंही उंच. नकाशाच्या लेखी हे सगळं एकच. उलट वरकस जमिनीवरचं गवत, करवंदीच्या जाळ्या, खाडीकाठची बुटकी तिवरं ५ मीटरच्या खाली राहिली तर मोजणीतच नाहीत.

हा आक्षेप नवा नाही. २०१४ साली चेक संशोधक रॉबर्ट ट्रोपेक आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्येच लिहिलं की हा नकाशा उष्ण कटिबंधातलं जंगल आणि लागवड यांत फरक करत नाही, काही ठिकाणी तर शेतातलं पीकसुद्धा जंगलात धरतो, आणि त्यामुळे जंगलाची हानी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. हॅन्सन गटाचं उत्तर साधारण असं होतं की आम्ही वृक्षाच्छादन मोजलं, व्याख्या स्पष्ट लिहिली, पुढे कुणाला त्यातून जंगल वेगळं काढायचं असेल तर काढावं.

माझ्या मते दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण शीर्षकात ‘वन’ आणि आत ‘वृक्ष’ असं झालं की वाचणारा शीर्षक लक्षात ठेवतो. तुमच्या प्रबंधात हे होऊ देऊ नका. जे मोजलंय तेच शीर्षकात लिहा.

आणि हे फक्त परदेशी नकाशाचं दुखणं आहे असंही समजू नका. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी वनस्थिती अहवाल काढतं. त्यांची वनाच्छादनाची व्याख्या अशी: किमान एक हेक्टर जमीन, झाडांच्या छत्राची घनता किमान १० टक्के, मालक कोणीही असो, कायदेशीर दर्जा काहीही असो, झाड कुठलंही असो. म्हणजे बागा, बांबू, माड सगळं आत. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर, राज्याच्या क्षेत्रफळाच्या १६.५१ टक्के दिलंय. हा आकडा वाचताना त्यात कोकणातल्या वाड्याही आहेत हे डोक्यात ठेवायचं.

इथे आकाराचाही प्रश्न येतो. ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर, साधारण नऊ गुंठे. वीस गुंठ्यांची वाडी म्हणजे दोन पिक्सेल आणि थोडं उरलेलं. तेही पिक्सेलची रेष वाडीच्या कुंपणावरून गेली तर, आणि ती कधीच तशी जात नाही. किहीममधली एखादी वाडी म्हणजे नकाशावर थोडा शेजाऱ्याचा बंगला, थोडा रस्ता आणि मधे पोफळी, अशी भेसळ असते.

निसर्ग चक्रीवादळाची परीक्षा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या पट्ट्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्या बागांतून येते त्या बागांचे हाल तर सगळ्यांनी बातम्यांत बघितले.

आता नकाशाच्या जागी स्वतःला ठेवा. त्याच्या व्याख्येत ‘हानी’ म्हणजे पिक्सेलमधलं वृक्षछत्र पूर्ण जाणं. कारण कुठलंही चालतं: कुऱ्हाड, आग, कीड, वादळ. एखादी बाग पूर्ण झोपली तर नकाशा तिथे हानी दाखवणार. व्याख्येप्रमाणे ते बरोबरच आहे. पण त्याच बागेत मालकाने पुढच्या पावसात रोपं लावली असतील. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, तोवर ती बाग नकाशावर गेलेलीच राहते. त्यापुढेही राहते, कारण या डेटात हानी दरवर्षी नोंदवली जाते, पण वाढीचा थर २००० ते २०१२ असा एकत्रितच दिलेला आहे. गेलेलं वर्षवार दिसतं, परत आलेलं तसं दिसत नाही. अशा डेटावरून ‘रायगडमध्ये २०२० नंतर जंगलतोड वाढली’ असा निष्कर्ष काढला तर तो वादळाचा हिशोब तोडीच्या खात्यात टाकल्यासारखं होईल.

वेळेचीही भानगड आहे. वादळ आलं जूनच्या तिसऱ्या दिवशी, आणि मागोमाग मोसमी पाऊस. लँडसॅट एकाच जागेवरून १६ दिवसांनी जातो आणि त्याला ढगांतून दिसत नाही. मोकळं आकाश मिळेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. तोपर्यंत पडलेली झाडं उचललेली असतात, वाडीत गवत माजलेलं असतं आणि वरून सगळं हिरवंगार. कोकणाची एकूणच ही तऱ्हा: रान सगळ्यात हिरवं असतं तेव्हा आकाश झाकलेलं, आणि आकाश पूर्ण मोकळं असतं त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पानझडी झाडं उघडी. यावर रडारचा उपाय आहे. युरोपचा सेंटिनेल १ हा उपग्रह २०१४ पासून ढगांतूनही बघतोय, आणि ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रहही त्याच कामाचा आहे. उपकरण बदलून जो प्रश्न सुटतो तो कोअरची संख्या वाढवून सोडवायला जाऊ नये, एवढंच मला म्हणायचंय.

आणि न दिसणारा बदल

आता दुसरी बाजू. मांडव्याची रो-रो २०२० मध्ये सुरू झाली, अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला उघडला. मुंबई आणखी जवळ आली. किहीम-आवास-झिराड भागात जमिनीला भाव आहे हे सांगायला संशोधक लागत नाही. वाडी विकली जाते, एनए होते, गेट बसतं, आत बंगला येतो. आता गंमत बघा: नवा मालक झाडं तोडतोच असं नाही. नारळ त्याला शोभेला हवेच असतात. तो काढतो ते खालचं सगळं. पोफळीवर चढलेली मिरी, जायफळ, अळूचं आळं, पाट, कुंपणाची झुडपं, पालापाचोळा. त्या जागी लॉन येतं, फरशी येते, बोअरवेल येते.

नकाशाला विचारा, काय बदललं? काही नाही. नारळ ५ मीटरपेक्षा उंचच आहेत, छत्र आहे तेवढंच आहे. वाडी संपली, पिक्सेल मात्र हिरवा.

यावर कुणी म्हणेल की जंगलाच्या नकाशाकडून वाडीची अपेक्षाच का करावी? ठीक आहे. मग वाडीला त्यात झाड म्हणून धरूही नका. जिवंत असताना आकडा फुगवायला वाडी हवी आणि मरताना ती मोजायची नाही, हा हिशोब बरोबर नाही.

किहीमचं आणखी एक संशोधन आठवतं. सलीम अलींनी १९३० च्या सुमारास इथेच राहून सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचं निरीक्षण केलं, आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये ते छापून आलं. नर एकामागून एक घरटी बांधायला घेतो, माद्या येऊन ती पारखतात, आणि एका नराच्या वेगवेगळ्या घरट्यांत वेगवेगळ्या माद्या नांदतात, हे त्यातून पुढे आलं. साधनं म्हणाल तर डोळे, वही आणि चिकाटी. मी हे ‘जुनं ते सोनं’ म्हणून सांगत नाहीये. सुगरणीचा प्रश्न डोळ्यांनी सुटणारा होता, आख्ख्या पृथ्वीच्या वृक्षाच्छादनाचा नाही. पण त्यांना आपण काय मोजतोय हे पक्कं माहीत होतं. मोजायच्या गोष्टीचं नाव आणि मोजलेली गोष्ट एकच होती.

८७ टक्के म्हणजे किती?

नकाशाची अचूकता मूळ निबंधात तपासलेली आहे. हानीच्या बाबतीत ती जागतिक पातळीवर सुमारे ८७ टक्के निघाली. आकडा चांगला आहे. पण तो जगाचा आहे. रशियातली वणव्यात गेलेली शेकडो चौरस किलोमीटर तायगा आणि ब्राझीलमधला सरळ रेषेत तोडलेला पट्टा ओळखणं सोपं, आणि जगाच्या सरासरीत त्यांचं वजन मोठं. नऊ-नऊ गुंठ्यांच्या भेसळीत तो आकडा तसाच लागू होईल असं मानायला काहीही आधार नाही. स्वतः तपासावं लागतं.

आणखी एक खड्डा: २०११ नंतरच्या वर्षांसाठी पुढे पद्धत सुधारली गेली, नवे उपग्रह आले. डेटा देणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय की आधीची आणि नंतरची वर्षं एका रेषेत ठेवून तुलना करताना जपून. तरीही २००१ पासूनचा सरळ चढता आलेख लावलेले प्रस्ताव दिसतात. त्यातला किती चढ जमिनीवरचा आणि किती पद्धतीतला, हे सांगता आलं नाही तर तो आलेख काढून टाका.

नकाशाकडून भाकिताकडे

इथपर्यंत झालेल्या बदलाचं बोललो. आता होणाऱ्या बदलाचं. भारतातलं एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावं असं आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एन. एच. रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘करंट सायन्स’मध्ये हवामानबदलाचा भारतातल्या जंगलांवर काय परिणाम होईल याचं गणित मांडलं. बायोम ४ नावाचं मॉडेल वापरून त्यांनी काढलं की शतकाच्या अखेरच्या सुमारास जास्त उत्सर्जनाच्या परिस्थितीत ७७ टक्के आणि मध्यम उत्सर्जनाच्या परिस्थितीत ६८ टक्के वनचौकटींमध्ये जंगलाचा प्रकार बदलेल. पुढे २०११ साली याच गटाने आयबिस हे दुसरं मॉडेल वापरून तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं ३९ आणि ३४ टक्के.

देश तोच, प्रश्न तोच, गटही बराचसा तोच. आकडा निम्मा. का? बायोम ४ विचारतं: या सरासरी हवामानात शेवटी कुठल्या प्रकारचं रान टिकेल? मधल्या काळाशी त्याला देणंघेणं नाही. आयबिस वर्षामागून वर्ष चालतं. झाडं वाढतात, एकमेकांशी झगडतात, मरतात. जुनं जंगल लगेच जागा सोडत नाही. म्हणजे फरक मुख्यतः ‘बदलणं’ या शब्दाच्या अर्थातून आला असं मी वाचते.

पहिलं काम चुकीचं होतं म्हणून ही टीका नाही. उलट स्वतःचाच आकडा दुसऱ्या मॉडेलने तपासून निम्मा झाल्यावर तो छापणं, याला संशोधन म्हणतात. टीका आहे ती हे आकडे उचलणाऱ्यांवर. भाषणात ७७ टक्के येतं, मॉडेलचं नाव येत नाही.

या कामांमागच्या प्रादेशिक हवामान मॉडेलची चौकट साधारण ५० किलोमीटरची होती. ५० किलोमीटरच्या एका चौकोनात मुंबईचा फोर्ट, मधला समुद्र आणि किहीम सगळं मावतं. त्यामुळे अशा निकालावरून किहीमबद्दल एक वाक्यही लिहू नये. आणि अशा मॉडेलात पाऊस जातो, तापमान जातं, माती आणि कार्बन डायऑक्साइड जातो. एनए ऑर्डर जात नाही.

मोठा संगणक नेमका कुठे लागतो?

आता विषयाच्या गाभ्याकडे. थोडं साधं गणित करू.

रायगड जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,१५२ चौरस किलोमीटर. ३० मीटरचे पिक्सेल होतात सुमारे ८० लाख. वीस वर्षांचे वार्षिक नकाशे म्हणजे १६ कोटी आकडे, प्रत्येकी एक बाइट धरला तर १६० एमबी. मोबाइलमध्येही बसेल. बरं, मूळ प्रतिमाच घ्या. वर्षाला २३ फेऱ्या, २० वर्षं, सहा बँड, प्रत्येक आकड्याला दोन बाइट. होतात सुमारे ४४ जीबी. एका बऱ्यापैकी वर्कस्टेशनवर हे काम आरामात होतं. जिल्ह्याच्या पातळीवर झालेला बदल मोजायला महासंगणक लागतच नाही. प्रस्तावात तो शब्द घातला तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि विचारायलाच हवा.

मग लागतो कुठे? हवामान मॉडेलची चौकट ५० किलोमीटरवरून २५ वर आणायची म्हटली की चौकटी होतात चौपट, आणि वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात. एकूण काम आठपट. असं चार वेळा निम्मं केलं की साधारण ३ किलोमीटरला पोचतो, जिथे किनारा आणि सह्याद्रीचा उतार वेगळे दिसू लागतात. काम वाढलं आठ गुणिले आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे चार हजार पट. शिवाय इथे प्रत्येक चौकटीला शेजारणीशी सतत बोलावं लागतं, वारा एकीकडून दुसरीकडे जातो. पोळ्यांसारखं वाटून देता येत नाही. इथे खरा महासंगणक हवा. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आला तो ४ पेटाफ्लॉपचा, सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्का’ आला तो ११.७७ पेटाफ्लॉपचा. सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ पुण्यातच बनवला होता. यंत्रांची परंपरा आपल्याकडे आहे. प्रश्न त्यांना काय विचारायचं हा आहे.

समांतर गणनेची मर्यादाही लक्षात ठेवा. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा: कामाचा पाच टक्के भाग जरी एकामागून एकच करावा लागणारा असेल, तर कितीही कोअर लावा, वेग वीसपटीच्या वर जात नाही. हजार कोअर मागण्याआधी आपल्या प्रोग्रामचा तो पाच टक्के भाग कुठे आहे ते शोधायचं. बहुतेक वेळा तो फाइल वाचण्यात आणि लिहिण्यात सापडतो.

‘काहीच बदलणार नाही’ हा प्रतिस्पर्धी

भाकिताचं मॉडेल चांगलं की वाईट हे कसं ठरवायचं? ‘आमची अचूकता ९४ टक्के’ हे वाक्य वाचलं की मी थांबते.

समजा १०० पिक्सेल आहेत, दहा वर्षांत त्यातले ५ बदलले. तुमच्या मॉडेलने ५ बदलतील म्हणून सांगितलं, त्यातले २ बरोबर निघाले. म्हणजे ३ सुटले, ३ भलतेच पकडले, सहा चुका, अचूकता ९४ टक्के. आता ‘काहीच बदलणार नाही’ असं म्हणून गप्प बसणाऱ्या माणसाच्या चुका किती? पाच. त्याची अचूकता ९५ टक्के. तुमचा क्लस्टर रात्रभर चालला आणि झोपलेल्या माणसाकडून हरला. खरं माप असं: बदलाची बरोबर आलेली भाकितं भागिले प्रत्यक्षात बदललेले किंवा बदलतील म्हणून सांगितलेले सगळे पिक्सेल. इथे २ भागिले ८, पंचवीस टक्के.

हे फक्त कागदी उदाहरण नाही. रॉबर्ट पाँशियस आणि सहकाऱ्यांनी २००८ साली जमीनवापर बदलाच्या मॉडेलांचे १३ वापर एकत्र तपासले. त्यातल्या १२ मध्ये बरोबर भाकीत केलेल्या बदलापेक्षा चुकलेले पिक्सेल जास्त निघाले. ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांनी हा निबंध मॉडेल शिकण्याआधी वाचावा.

आता लेखाच्या सुरुवातीचा मुद्दा इथे जोडा. अशा मॉडेलला शिकवायला आपण कुठला डेटा देतो? बहुतेकदा तोच ३० मीटरचा हानीचा थर. किहीम-श्रीवर्धनच्या पट्ट्यात त्यात वादळ तोड म्हणून येणार आणि बंगला येणारच नाही. मॉडेल इमानेइतबारे तेच शिकणार. समुद्राजवळच्या जुन्या पोफळी धोक्यात आणि रस्त्यालगतची वाडी सुरक्षित, असं ते सांगेल. हजारपट मोठ्या संगणकावर हेच उत्तर हजारपट लवकर येईल.

मग करायचं काय?

प्रस्ताव लिहिताना आधी हे करा.

एक, मोजायच्या गोष्टीची व्याख्या तुमच्या भागातल्या दहा जागांवर लावून बघा. वाडी, सुरू, तिवर, डोंगर, बंगला. प्रत्येकाला ती काय म्हणते ते लिहा. पटलं नाही तर व्याख्या बदला किंवा जागा बदला.

दोन, आधी जमिनीवरची तपासणी ठरवा, मग कोअर मागा. पाँटस ओलॉफसन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा निबंध नमुने कसे निवडावेत आणि क्षेत्रफळाला चुकीची मर्यादा कशी जोडावी हे शिकवतो. बदललेले पिक्सेल थोडे असतात, म्हणून त्यांचा वेगळा गट करून नमुने घ्यायचे.

तीन, सरकारी कागद हा डेटा माना. सातबाऱ्यावरची पीकपाहणी, २०२१ पासूनची ई-पीक पाहणी, एनएच्या नोंदी. निसर्ग वादळानंतर नारळ-सुपारीची भरपाई हेक्टरी न देता झाडामागे देण्याचा निर्णय झाला, आणि पंचनामे करताना झाडं मोजली गेली. विचार करा, वीस गुंठ्यांच्या वाडीवाल्याला हेक्टरी हिशोबात किती मिळालं असतं आणि नकाशाच्या दोन पिक्सेलांत त्याची किती झाडं धरली गेली असती? पंचनाम्यात त्रुटी असतील, वशिला असेल, तरी उपग्रहाचा हानीचा थर तपासायला याहून जवळचं काही नाही. तलाठी कार्यालयात जायला कुठल्याही क्लस्टरचं अकाउंट लागत नाही.

चार, ‘काहीच बदलणार नाही’ या मॉडेलशी तुलना पहिल्याच आठवड्यात करा, शेवटच्या वर्षात नको.

हे सगळं झाल्यावरही मोठा संगणक लागत असेल तर हक्काने मागा. बारीक चौकटीचं हवामान, शेकडो वेळा थोडा फरक करून चालवलेली मॉडेलं, रडारच्या प्रतिमांची वर्षानुवर्षांची रास, ही कामं त्याच्याशिवाय होणार नाहीत आणि ती आपल्याकडे व्हायला हवीत.

हॅन्सन यांचा नकाशा मी वापरते आणि पुढेही वापरीन. कनकेश्वराच्या डोंगरउतारावर सलग झाडी गेली का, हे विचारायला तो उत्तम आहे. पायथ्याच्या वाड्यांबद्दल मात्र त्याला विचारू नये. आणि रायगडच्या किनाऱ्यावर पुढच्या काही वर्षांत जो बदल सगळ्यात जास्त लोकांच्या जगण्याला लागणार आहे तो त्या वाड्यांमध्येच होतोय. तो मोजायची पद्धत अजून कुणी नीट बसवलेली माझ्या वाचनात नाही. विषय शोधत असाल तर हा घ्या.